बार्शी लाइटच्या तीन वाघिणी : परसातल्या रेल्वेच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

उद्या संक्रांत. घरात तीळ भाजणं चाललंय, मला तिथे थारा नाही; म्हणून ही वही.

परसातल्या रुळानं दोन पावसाळे काढले. साधारण २२ मीटरचा वळसा, एक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा) आणि डाळिंबाच्या बुंध्याशी संपणारी एक सायडिंग. इंजिन आहे: जुन्या कॉर्डलेस ड्रिलची मोटर, तिचीच गिअरपेटी आणि बॅटरी, वर पत्र्याचं खोकं. दिसायला टपालपेटी, पण ओढतं. ओढायला मात्र मागे काही नाही. दोन वर्षं ते एकटंच तुळशीला प्रदक्षिणा घालतंय. परवा आईनं विचारलं, "ह्याला डबे कधी लागायचे?"

तर यंदा तीन वाघिणी करायच्या. एक बुटक्या कडांची, एक बंद, एक नुसती सपाट. मुदत आषाढी एकादशी, म्हणजे १७ जुलै. मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे नातीला सांगून बसलो, ती आता रोज सकाळी डाळिंबाखाली वाकून बघते.

आधी माप. बार्शी लाइट ही कुर्डुवाडीची जुनी छोटी रेल्वे; तिच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. माझा परसातला रूळ ३२ मिमी. भागून २३.८ येतात, म्हणजे २४ धरायला हरकत नाही. २४ चा मोठा फायदा असा की एक फूट म्हणजे बरोबर अर्धा इंच. मी यंत्रमागावर ३१ वर्षं फिटर होतो, इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग) माझ्या बोटांत आहेत. मिलिमीटर नंतर शिकलो, तो अजून डोक्यातच आहे. इंग्लंडातले बागवाले याच ३२ मिमीच्या रुळावर दोन फुटी गाड्या चालवतात, फुटाला १६ मिमी या हिशेबानं. माथेरानची गाडी दोन फुटी, ती करायची असती तर मीही तेच माप धरलं असतं. पण आमचं घराणं कुर्डुवाडीचं.

२१ जानेवारी

साचे कापले. मागाच्या जॅकार्डचे, म्हणजे चादरीवर नक्षी उठवणारे, जुने पुठ्ठे माळ्यावर गठ्ठ्यानं पडलेत. भोकं पडलेली असतात, पण कडक आणि सरळ. पावसाळ्यातही वाकत नाहीत. चादरीवरचा मोर आता वाघिणीचा तळ झाला.

एकच साचा तिन्ही वाघिणींना पुरतो, आणि ही अक्कल माझी नाही, कॅलथ्रॉपची आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा बार्शी लाइटचा कर्ता इंजिनिअर. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी ही लाइन सुरू झाली. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. त्यानं रूळ घातला हलका, दर यार्ड लांबीला अवघ्या ३० पौंड वजनाचा, आणि मग एकच नियम धरून बसला: कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, आणि सगळ्या आसांवर तो सारखा पडला पाहिजे. इंजिनालाही हाच कायदा. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीनं जी पहिली इंजिनं बांधली त्यांना एकमेकांना जोडलेली आठ चाकं, आणि मागे आधाराला आणखी चार.

वाघिणीचं गणित तर तोंडी करण्यासारखं आहे. चार आस, प्रत्येकी पाच टन, म्हणजे भरलेली वाघीण २० टनांची. त्यातून डब्याचं स्वतःचं वजन जितकं कमी तितका माल जास्त. म्हणून त्यानं सांगाडे घेतले लीड्स फोर्जचे, दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे. कोन आणि चॅनेल जोडत बसायचं नाही, पत्राच दाबून त्याला कडा काढायच्या. सगळ्या मालडब्यांना एकच सांगाडा: २५ फूट लांब, ७ फूट रुंद. वर फळ्या हव्या तशा चढवा. सामान बोटीत चढवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून त्यानं ते लोकांना चालवून दाखवलं. पुढे याच माणसानं विमानातून उडी मारायचं पॅराशूट काढलं. माणूस वजनाच्या मागे लागला की कुठवर जातो बघा.

माझ्या मापात: साडेबारा इंच लांब, साडेतीन इंच रुंद. कॅल्क्युलेटर काढावाच लागला नाही.

३ फेब्रुवारी

आळस केला. पत्र्याच्या आधी अंदाज यावा म्हणून सनबोर्डाची वाघीण केली. बोर्ड रंगवणाऱ्याच्या दुकानात तुकडे फुकट मिळतात, कटरनं लोण्यासारखे कापले जातात. दोन संध्याकाळी आणि अख्खी बंद वाघीण उभी. दिसते छान. हीच ठेवावी असं वाटायला लागलंय.

२५ फेब्रुवारी

ठेवायची नाही. चार दिवस सायडिंगवर उन्हात उभी होती. सोलापूरचं ऊन अजून तापलंही नाहीये, तरी वाघिणीचं केळं झालं. छत वर, दोन्ही टोकं खाली. नात म्हणाली, "ही वाघीण हसतेय." चुलीत घालता येत नाही, प्लास्टिक; माळ्यावर टाकली.

२ मार्च

२६ गेजचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा आणला. पेट्या आणि पन्हळी करणाऱ्याच्या दुकानात. तो म्हणाला, "केवढी पेटी पाहिजे?" मी पुठ्ठा दाखवला. त्यानं पुठ्ठ्यावरची भोकं बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता पत्रा कापून दिला.

घडी घरीच घातली. शेगड्यात (व्हाइसमध्ये) दोन लोखंडी पट्ट्या, मध्ये पत्रा, वरून लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी. एकदम मारायचं नाही. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, पुन्हा परत, प्रत्येक फेरीला दहा-पंधरा अंश. घाईनं मारलं की पत्रा लांबतो आणि कड लाटेसारखी होते. पहिली कड तशीच झाली. दुसरी बरी. तिसरी पाहून स्वतःवरच खूश झालो, आणि त्याच खुशीत चौथी उलट्या बाजूला घडवली.

१० मार्च

सांगाडा झाळला. पंचवीस वॉटची सोल्डरिंग इथे कामाची नाही. एवढा पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो आणि शिसं दाण्यासारखं वर बसतं. वडिलांचा तांब्याचा जाड ठोकळा आहे, लाकडी मुठीचा, गॅसवर तापवायचा. तो लाल होऊ द्यायचा नाही. नवसागरावर घासला की पांढरा धूर येतो आणि टोक चांदीसारखं होतं, तेव्हा तो तयार. मग मात्र शिसं सांध्यातून पाण्यासारखं धावतं. हे सगळं अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. जस्त जळलं तर तो धूर छातीत जायला नको.

वडील कुर्डुवाडीच्या नॅरो गेज वर्कशॉपमध्ये सुतार होते. लाइन १९५४ ला सरकारनं घेतली, त्याच्या आसपास लागले. घरी त्यांनी रेल्वेची कौतुकं कधी सांगितली नाहीत. ते सांगायचे फळी कशी निवडायची ते. बाहेरच्या बाजूला सालीकडचा भाग की गाभ्याकडचा, एवढ्यावर जेवण संपायचं. माझ्या बुटक्या वाघिणीच्या फळ्या त्यांच्याच पेटीतल्या सागवानाच्या. एक सूत जाडीला रंधल्या, गाभा बाहेर.

बिजागऱ्यांच्या पट्ट्या मागाच्या फणीतून काढल्या. फणीतली पोलादी पात सपाट, बारीक, वाकवली तर परत सरळ होते. मापाला इतकी बरोबर की जणू याचसाठी घडवली. रिव्हेट म्हणून पत्र्याच्या मागून बोथट खिळ्यानं टिचक्या मारल्या. दाबून केलेल्या सांगाड्याला रिव्हेट मुळात कमीच, त्यामुळे इथेही कॅलथ्रॉपनं माझे कष्ट वाचवले.

२४ मार्च

चाकं लेथवर टाकली. एमआयडीसीत एक ओळखीचे आहेत, मागाचे शाफ्ट त्यांच्याकडूनच करून घ्यायचो. ड्रॉइंग नेलं होतं: तोंडावर व्यास २४ मिमी, फ्लँज (रुळाच्या आतून उतरणारी चाकाची कड) दोन मिमी उंच, तोंडाला तीन अंशांचा उतार, आस ४ मिमी. चोवीस चाकं. त्यांनी चष्मा वर केला. "काका, एवढ्या लहान चाकांची कुठली मशीन?"

"वाघीण," मी म्हणालो.

"पिंजऱ्याला चाकं लावताय काय!"

उताराचं मात्र त्यांना पटकन कळलं. चाकाचं तोंड शंकूसारखं असलं की वळणावर बाहेरचं चाक जाड भागावर चढतं, आतलं बारीक भागावर येतं, आणि जोडी आपोआप वळते. फ्लँज ही शेवटची अडवणूक. ती रुळाला सतत घासत असेल तर कुठेतरी चुकलंय.

३१ मार्च

चुकलंय.

बोग्या, म्हणजे डब्याखालच्या चार-चार चाकांच्या फिरत्या गाड्या, जोडून बुटकी वाघीण रुळावर ठेवली. सरळ भागात झकास. वळणावर जड. आणि सांध्यावर गेली की बहुतेक खेपेला उडी: पहिला आस क्रॉसिंगच्या नाकावर, म्हणजे दोन रूळ मिळतात त्या टोकावर, चढतो, एक चाक भलत्याच बाजूला, वाघीण आडवी. दहा वेळा ढकलली, आठ वेळा पडली.

सांध्याला दोष देत दोन तास नाक कानसलं. बरं झालं फार कानसलं नाही. मग व्हर्नियर काढला. दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर २८ मिमी हवं, ते निघालं २९. फ्लँजची जाडी १.३, दोन्हीकडची धरून एकूण ३१.६. रूळ ३२. मग वळणावर जीव कुठे राहणार? सांध्यावर तर याहून वाईट: चेक रेल, म्हणजे रुळाच्या आतली समांतर पट्टी, एका चाकाला पाठीमागून धरून ठेवते म्हणून समोरचं चाक नाकापासून लांब राहतं. इथे जोडीच एक मिलिमीटर रुंद, म्हणून चेक रेलनं धरलं तरी समोरची फ्लँज सरळ नाकावर.

लेथवाल्यांना फोन केला, जरा तावातच. ते शांतपणे म्हणाले, "ड्रॉइंग घेऊन या." नेलं. आसावरच्या दोन खांद्यांमधलं अंतर मी २८ लिहिलं होतं, आणि चाकाच्या पाठीला अर्ध्या मिलिमीटरचा गोल उंचवटा मीच काढला होता, दिसायला बरा म्हणून. अर्धा अन् अर्धा एक. त्यांनी चहा मागवला. त्यांच्या जागी मी असतो तर आणखी काहीतरी बोललो असतो.

चोवीस चाकं उपसून, पाठी सपाट करून परत बसवून दिली. पैसे घेईनात, मग पोराच्या हातात दिले.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर चाचणी. सांध्यावर वीसपैकी वीस वेळा नीट. पण आता तुळशीजवळच्या वळणावर पडते. तिथे रूळ थोडा पिळलेला आहे, एक बाजू दोनेक मिलिमीटर खचली आहे. रूळ नीट करावा हे उघड. पण हा जमिनीवरचा रूळ: पाऊस पडतो, मुंग्या वारुळं करतात, खार खालून पोखरते. आज नीट केला तर ऑगस्टात पुन्हा पिळेल. वाघिणीनंच हे सोसलं पाहिजे.

१४ एप्रिल

आजचा दिवस सबंध यातच गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

टेबलावर काच ठेवली, काचेवर वाघीण. वर्तमानपत्राच्या आठ पट्ट्या कापल्या, बोटाएवढ्या रुंद, आणि प्रत्येक चाकाखाली एक सरकवली. मग एकेक ओढून बघितली. सहा घट्ट. एक ढिली. एक तर नुसतीच बाहेर आली, चाकाला कागदाचा पत्ताच नाही. म्हणजे ही वाघीण सपाट काचेवरसुद्धा सात चाकांवर उभी होती, आणि त्यातलं एक नावापुरतं. रूळ पिळला की आणखी दोन उचलली जाणार. उचललेल्या चाकाच्या फ्लँजला रूळ धरायला उरतच नाही.

चार पायांचं टेबल डगमगतं, तिवई कधी डगमगत नाही. कारण तीन पाय जमीन कशीही असली तरी टेकतात. माझी वाघीण म्हणजे चौपायी टेबल, आणि ते दोन चौपायी टेबलांवर ठेवलेलं.

आधी बोग्या. प्रत्येक बोगीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या मी मधल्या आडव्या तुकड्याला पक्क्या झाळल्या होत्या. एका बाजूची झाळ काढली आणि तिथे ३ मिमीची पितळी पिन घातली, म्हणजे ती पट्टी पिनेभोवती झोक्यासारखी पुढेमागे कलते. आता बोगीची चारही चाकं टेकतात, रूळ पिळलेला असला तरी. काचेवर एका चाकाखाली जुनं एक रुपयाचं नाणं ठेवून पाहिलं: बाकीची तीन जागची हलली नाहीत.

मग वाघीण. पुढच्या बोगीवर ती दोन टोकांना टेकते, दोन पितळी टिकल्यांवर. म्हणून त्या बाजूला कलंडत नाही. मागच्या बोगीवर मात्र एकाच गोल वॉशरवर, मधोमध, तीही घुमटाकार. दोन आणि एक तीन. झाली तिवई. बोगीच्या बाजूला मी बॉलपेनच्या स्प्रिंगा लावल्या आहेत, एकीत एक, कारण खऱ्या बोग्यांवर टिमिस पद्धतीच्या दुहेरी गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या. त्या शोभेच्या. एवढ्याशा वजनाखाली पेनची स्प्रिंग काय दबणार?

पुन्हा आठ पट्ट्या. आठही घट्ट. एकेक ओढताना कागद फाटला.

संध्याकाळी स्वयंपाकघरातला तराजू बाहेर नेला. बायको म्हणाली, "पीठ मोजायच्या वेळी बरोबर नेतात." अर्धी वाघीण तराजूवर, अर्धी तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर, मग उलट. ३१८ ग्रॅम आणि ३२४ ग्रॅम. पाच टनांचा नियम इथेही लागू, फक्त तराजू पिठाचा.

तुळशीजवळ पडली नाही. मुद्दाम रुळाखाली खडा घालून आणखी पिळला, तरी नाही. आई खिडकीतून बघत होती. म्हणाली, "आता कशी डुलत चाललीय. तशीच डुलायची."

१९ मे

ऊन. परसात पाऊल टाकवत नाही. दुपारी रूळ सापासारखा वळलेला दिसला. जोडांत फट ठेवायला विसरलो होतो. तीस अंशांचा फरक धरला तर २२ मीटरच्या वळशात सेंटिमीटरभर वाढ होते. सकाळी सहाला उठून चार ठिकाणी करवतीनं फट पाडली. बाकी महिना बंद वाघिणीचं छत घडवण्यात गेला. रंगही दिला, पण जीआयवर थेट दिलेला रेड ऑक्साइड नखानं सोलून निघाला. एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्तावर पकड धरणारा अस्तर-रंग, आणून पुन्हा.

९ जून

पहिला पाऊस झाला. रूळ जागच्या जागी.

आता माल. भरलेल्या वाघिणीचं वजन माझ्या मापात किती यावं? लांबी, रुंदी, उंची तिन्ही २४ पटींनी लहान, म्हणजे वजन २४ गुणिले २४ गुणिले २४, १३,८२४ पटींनी. २० इंग्रजी टनांना भागलं तर १ किलो ४७० ग्रॅम. माझी रिकामी ६४२ ग्रॅम. सव्वाआठशे ग्रॅमचा माल हवा.

माल म्हणजे ज्वारी, दुसरं काय! शंभर किलोचं पोतं २४ पटींनी लहान केलं तर साधारण ४२ बाय २५ मिमी, आणि पावणेदहा घन सेंटिमीटर. बायकोला जुनं मांजरपाट आणि माप दिलं. "किती?" "छप्पन." "छप्पन पोती शिवून देते. ज्वारीचं एक खरं पोतं आधी घरात येऊ दे." आलं. तिनं दोन रात्रींत शिवली, मशीनवर, तोंड सुतळीऐवजी चहात बुडवलेल्या दोऱ्यानं बांधून. चहाची कल्पना तिचीच, रंग खऱ्या गोणपाटाचा आला.

आत राजगिरा भरला. दाणा बारीक, पोतं खऱ्यासारखं फुगतं.

७ जुलै

मुंग्या. सकाळी बघतो तर सायडिंगवरच्या वाघिणीतून रांग निघालेली, डाळिंबाच्या मुळाशी जाणारी, प्रत्येकीच्या तोंडात एक राजगिरा. शिस्त मालधक्क्यावरच्या हमालांपेक्षा बरी. एकोणीस पोती रिकामी, बाकीची पोखरलेली. नातीला फार आवडलं, तिनं मुंग्यांना हाकलू दिलं नाही. सगळा माल उतरून घेईपर्यंत दुपार झाली.

वाळू भरली, चाळून आणि तव्यावर भाजून. प्रत्येक पोतं १५ ग्रॅम, छप्पन पोत्यांचे ८४०. एकूण १ किलो ४८२. बारा ग्रॅम जास्त. स्टेशन मास्तर काणाडोळा करेल.

भरलेली वाघीण वेगळीच चालते. रिकामी खडखडते, ही सांध्यावरून जाताना चार वेळा ठक् ठक् करते आणि थांबायला वेळ घेते. इंजिनाला पहिल्यांदाच काम लागलं.

१७ जुलै, आषाढी एकादशी

पावसाची भुरभुर, तरी काढली. इंजिन, बंद वाघीण, बुटकी वाघीण. सपाट अजून चाकांशिवाय काचेवर आहे, म्हणजे मुदत दोन तृतीयांशच पाळली.

आईला खुर्ची टाकून व्हरांड्यात बसवलं. तिचं वय ८४. तिचं माहेर बार्शी, आषाढीला आजीबरोबर पंढरपूरला जायची ती बार्शी लाइटनं, कुर्डुवाडीला गाडी बदलून. गर्दी मावेना की माणसं मालाच्या डब्यात बसायची, म्हणते. तिला आठवतो तो इंजिनाचा कोळसा. डोळ्यात कण गेला की आजी पदराचं टोक तोंडात ओलं करून डोळ्यातून फिरवायची, आणि मग दिवसभर त्या डोळ्यातून पंढरपूर धूसर दिसायचं.

गाडी दोन फेऱ्या फिरली. आईनं तिसऱ्या फेरीला हात वर केला. मी थांबवली.

"ह्याचं दार?"

बंद वाघिणीचं दोन फाळक्यांचं दार मी झाळून टाकलं होतं. उघडणारं करायचं म्हणजे बिजागरीची एकेक पिन, आणि आत काही दाखवायचं नव्हतंच.

"दार उघडं असायचं," आई म्हणाली. "बंद केलं तर माणसं गुदमरतील की. आम्ही दारातच बसायचो, पाय बाहेर सोडून. आजी मागून परकर धरून ठेवायची."

११ ऑगस्ट

दार उघडलं. लिहायला सोपं, करायला तीन आठवडे.

झाळ गरम करून काढायला गेलो तर शेजारचा खांब सुटायला लागला, म्हणून ज्वेलरी करवतीच्या केसाएवढ्या पात्यानं चारही बाजूंनी कापलं. सात पाती मोडली. फाळके कानसून आतल्या बाजूला पातळ केले. बिजागरीला फणीच्या पातीचे तुकडे खिळ्याभोवती गुंडाळून नळ्या केल्या, प्रत्येक फाळक्याला तीन, आणि मधून मागाची बारीक तार. एक फाळका सहज फिरतो. दुसरा शेवटच्या पाव इंचात अडतो. बिजागऱ्या एका रेषेत नाहीत, मधली किंचित बाहेर आहे. ती परत काढावी लागेल.

दार उघडल्यावर आत रिकामा पत्रा चकाकतो, तेही बरं दिसत नाही. तळाला सागवानाच्या पट्ट्या टाकल्या. आडव्या.

जोडसाखळीचाही प्रश्न निघाला. सायडिंगच्या उलट्यासुलट्या वळणावर दोन वाघिणींची टोकं विरुद्ध दिशांना जातात. माझं वळण १.२ मीटर त्रिज्येचं. हिशेबानं प्रत्येक टोक सुमारे ६ मिमी बाहेर, दोन्हींचे मिळून १२. नॅरो गेजला मध्ये एकच बफर (शेजारच्या डब्याचा धक्का झेलणारी तबकडी), तो शेजारच्या बफरवरून घसरून मागे अडकला आणि वाघीण रुळावरून ओढली गेली. बफरची तबकडी १४ वरून २० मिमी केली आणि साखळीत दोन कड्या वाढवल्या. पाच वेळा मागेपुढे केली, अडकली नाही. पावसात अजून केली नाही.

सपाट वाघिणीच्या बोगीला पिना घालायच्या राहिल्यात. ३ मिमीची पितळी सळी संपली, उद्या आणायची. आणि नातीनं मातीची एक आजी करून दिली आहे, बसलेली, पाय पुढे. दारात मावते, पण फाळका पूर्ण उघडला तरच.